शेवटल्या मोटेचं मोल

म्हसावदच्या मामांनी आणलेलं पागेचं, म्हणजे पागोट्याचं, कापड नऊ हातच भरलं. गेलेल्या दोधू पाटलांच्या डोक्याला बारा हात लागायचं, आणि एवढ्या गोष्टीवरून तेराव्या दिवशी सकाळीच ओट्यावर बोलणं लागलं. मामा म्हणाले, पोराचं डोकं लहान आहे, नऊ हात पुरे. पाटलांचे भाऊ भिला जिभाऊ म्हणाले, डोकं लहान असलं तरी घर तेवढंच आहे. कापडावर भांडण्याचं बळ कोणातच उरलं नव्हतं.

निर्मला आतल्या खोलीत भावाची, भटूची, पेटी उघडून धुतलेलं धोतर शोधत होती. आबा, तिचे वडील, गेल्यापासून बारा दिवस ती आल्यागेल्याला पाणी देत होती आणि एकच हकिगत सांगत होती: कांद्याला पाणी चालू होतं, छातीत कळ आली, मोटेच्या धावेवरच बसले, बैल उभे राहिले. सांगून सांगून त्या वाक्यांतलं सगळं निघून गेलं होतं. नंदुरबारच्या शाळेत मुलींकडून पाढे म्हणून घेताना तोंड चालू राहतं आणि मन भलतीकडे असतं, तसं.

पाग दिवस मावळायच्या आत, बापाच्या जागी घरचा कर्ता म्हणून, भटूच्या डोक्याला बांधायची होती. मुलगा तो एकटाच. या घराची रीत अशी की पाग बांधलेल्या माणसाने सव्वा महिना गावाची शीव ओलांडायची नाही. पुण्याला बी. ए.ची परीक्षा तेवीस मार्चला होती आणि आज आठ तारीख. गेल्या वर्षी भटू नापास झाला तेव्हा आबांनीच सगळ्यांना गप्प केलं होतं. आता आबा नव्हते. या खेपेला तो बसला नाही, तर पुन्हा कोणी त्याला पुण्याला पाठवणार नाही, हे घरात प्रत्येकाला कळत होतं आणि बोलत कोणी नव्हतं.

धोतर सापडलं नाही. पुस्तकांखाली दोऱ्याने बांधलेला कागदांचा गठ्ठा निघाला. टिपणं असतील म्हणून तिने दोरा सोडला. सगळी वेळापत्रकं होती. लाल आणि निळ्या शाईच्या रेघा, सुंदर अक्षर. पहाटे चार ते सहा अर्थशास्त्र. सहा ते साडेसहा व्यायाम व दूध. दर रविवारचं एक. १९३६च्या जूनपासूनची तारीख होती आणि पुढे पुढे ‘झोप’ या चौकटीतले तास कमी होत गेले होते. सहा, पाच, मग साडेतीन. ती मोजत गेली. चौतीस होती. शेवटच्या कागदावर फक्त रेघा होत्या, आत काही लिहिलेलं नव्हतं. पेटीत टिपणाची वही एकच निघाली आणि तिची पाच पानं भरलेली होती.

बाहेरून मामांनी हाक मारली तसा तिने गठ्ठा पदराखाली घेतला आणि ओट्यावर गेली.

तिथे बसलेल्यांना तिने सांगून पाहिलं. पाग आज न बांधता एक महिन्याने बांधली तर काय होईल, भटूची परीक्षा होऊन जाईल. मामांनी मान हलवली. तिला ते वाईट बोलले नाहीत. ती विधवा होऊन माहेरी आली तेव्हा आबांनी तिला ट्रेनिंगला धाडलं, मास्तरीण केलं, ते मामांना कधी पटलं नव्हतं, पण आज ते बोलायचा दिवस नव्हता. नुसते म्हणाले, तेराव्याला डोकं उघडं राहिलं तर पंचक्रोशी काय म्हणेल.

आई, दगूबाई, भिंतीला टेकून बसली होती. आतापर्यंत ती निर्मलाच्या बाजूने होती. तिच्या नवऱ्याची इच्छा होती पोराने पदवी घ्यावी, आणि तिला ती पुरी व्हायला हवी होती. ती काही बोलणार, तेवढ्यात जिभाऊंची बायको, रुखमाकाकू, चुलीपासून म्हणाली, "जाऊ द्या ना त्याले पुनाले. आठे आमी शेतस ना वावर दखाले."

आणि तिथेच सगळं बिघडलं. काकूच्या मनात काय होतं देव जाणे, पण जावेने शेत बघायची गोष्ट काढली, एवढंच दगूबाईने ऐकलं. तिने पदर सावरला आणि भावाकडे बघून म्हणाली की पाग आजच बांधा. जिभाऊंनी बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आता ते भटूला जा म्हणाले असते, तर सख्ख्या भावाचं रान तेराव्यालाच बळकावलं, असं झालं असतं.

राहिला भटू. तो खांबाजवळ उभा होता, डोळे आत गेलेले, गालाची हाडं वर आलेली. बापाच्या दुःखाने पोरगा वाळला, असं बाया म्हणत होत्या. तो म्हणाला, "बांधा, मामा. माझी ना नाही."

बायांनी डोळे पुसले. मामा म्हणाले, याला म्हणतात मुलगा. पण निर्मला त्याच्या तोंडाकडे बघत होती. इन्स्पेक्टर येणार म्हणून आठवडाभर धास्तावलेल्या मुलीला इन्स्पेक्टर आजारी पडल्याचं कळावं, तसं ते तोंड झालं होतं.

तिने त्याला मागच्या दाराशी गाठलं. गोठ्याच्या सावलीत दोघं उभी राहिली. अंगणापलीकडे मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि वाऱ्याबरोबर नाकाला झोंबणारा खाट येत होता. तिने गठ्ठा त्याच्या हातात दिला.

त्याने तो उघडलाही नाही. तिला वाटलं तो चिडेल. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो मिरच्यांकडे बघत हळूहळू बोलू लागला, पुस्तकी मराठीत, जशी तो पुण्याला गेल्यापासून घरातही बोलायचा. वेळापत्रक आखलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. सोमवारी पहाटे उठायला एक तास उशीर होतो, की सगळा दिवस गेला असं वाटतं, मग मंगळवार जातो, मग रविवारी नवं आखायचं. वाचनालयात सगळी पोरं मुकाट वाचत बसतात. शेजारचा सांगतो त्याची तिसरी उजळणी झाली. हाताला घाम येतो, पुस्तकाची पानं ओली होतात.

"पान उलटतं, ताई. आत काही जात नाही."

मोठ्याने का वाचत नाहीस, तिने विचारलं. लहानपणी तू मोठ्यानेच वाचायचास.

मग त्याने सांगितलं. पहिल्याच वर्षी वर्गात मराठीचा उतारा वाचायला सांगितला, आणि ‘डोळा’ हा शब्द त्याच्या तोंडून ‘डोया’ असा गेला. तेव्हापासून खानावळीत, नळावर, जिथे तिथे त्याला ‘डोया’ म्हणतात. आता तर प्रेमाने म्हणतात, त्यांच्या मनात काही नसतं. पण त्या दिवसापासून त्याने पुण्यात एक ओळ मोठ्याने वाचलेली नव्हती.

"म्हणून पागेला हो म्हणालास?"

"पाग बांधली की जाताच येणार नाही. कोणी विचारणारही नाही." तो थांबला. "फक्त आबांना मला विचारता आलं असतं."

निर्मलाला त्याला रागवायचं होतं. शाळेत ती रागवू शकत असे. पण बारा दिवसांचा शीण हाडांत उतरला होता, आणि त्या ‘आबांना’ या शब्दाशी येऊन तिचाही पाय अडखळला. तिने नुसतं त्याच्या पेटीतलं अर्थशास्त्राचं पुस्तक आणलं आणि म्हणाली, "चाल मन्हासंगे."

विहिरीवर जिभाऊ बैल जुंपत होते. तेराव्याच्या दिवशी मोट हाकतात का, म्हणून मामा टाकून बोलले होते. जिभाऊ म्हणाले होते, "कांदाले तेरावं कयस का?" आणि चालते झाले होते.

ही जागा भटूला आणि तिला दोघांना पाठ होती. बैल धावेवरून खाली उतरतात, नाड्यावर माणूस बसतो, चामड्याची मोट पाण्याने भरून वर येते आणि थारोळ्यात ओतली जाते. मग बैल मागे मागे सरकत वर येतात आणि रिकामी मोट विहिरीत जाते. भटू शाळेत होता तेव्हा सुट्टीच्या दिवशी आबा त्याला इथे बसवत. आबांना अक्षर येत नव्हतं. त्यांनी आपली एक पद्धत केली होती. बैल उतरेपर्यंत पोराने वाचायचं. बैल मागे येऊ लागले की पुस्तक मिटायचं आणि काय वाचलं ते बापाला सांगायचं. चूक की बरोबर ते आबांना कळण्याचा प्रश्न नव्हता. ते एवढंच म्हणायचे, "माले समजनं नही." मग पुन्हा एक मोट. कधी कधी एका धड्याला वीस मोटा लागत. निर्मला तेव्हा थारोळ्यावर कपडे धूत असे.

तिने भटूला धावेच्या कडेच्या दगडावर बसवलं. जिभाऊंना काही सांगितलं नाही. त्यांनी एकदा पुस्तकाकडे पाहिलं आणि बैल हाकले.

भटूने वाचायला सुरुवात केली, मनातल्या मनात. ओठ मिटलेले, कपाळाला आठ्या. पाणी थारोळ्यात पडलं. बैल मागे सरकू लागले. निर्मलाने पानावर हात ठेवून पुस्तक मिटलं.

"सांग."

त्याने घसा साफ केला. "कोणत्याही वस्तूचा जसजसा अधिक उपभोग घ्यावा, तसतशी तिच्या पुढील परिमाणापासून मिळणारी उपयुक्तता घटत जाते."

"माले समजनं नही," जिभाऊ म्हणाले.

जिभाऊंनी ते नक्कल म्हणून केलं नव्हतं. त्यांना खरोखरच समजलं नव्हतं. बैल विहिरीच्या काठाशी येऊन थांबले होते आणि मोट खाली पाण्यात बुडत असल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या मोटेलाही तेच. तिसऱ्या मोटेला भटूने पुस्तक उघडलंच नाही. तो खाली मातीकडे बघत बसला, आणि बैल मागे सरकू लागल्यावर म्हणाला, "जिभाऊ, असं धरा, भूक लागनी शे. पहिली भाकर कशी लागस?"

"गोड लागस."

"दुसरी?"

"ती बी लागस."

"आनि पाचवी?"

"तुन्ही काकूनी करेल व्हई तं पहिलीच पुरस," जिभाऊ म्हणाले.

भटू हसला. तेरा दिवसांत त्या घरातलं कोणी पहिल्यांदाच हसलं होतं. हसून झाल्यावर त्याने चोरासारखं बहिणीकडे पाहिलं. तिने थारोळ्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि ‘पुढे’ म्हणाली. भाकर तीच असते, तो सांगत होता, पण खाणाऱ्याची भूक सरत जाते, म्हणून प्रत्येक पुढच्या भाकरीची गोडी कमी. जिभाऊंनी विचारलं, हे सांगायला पुण्याला जावं लागतं का? भटू म्हणाला, सांगायला नाही, लिहायला जावं लागतं. त्याची भाषा केव्हा बदलली ते त्याला कळलं नव्हतं. दुपारपर्यंत सत्तरएक मोटा झाल्या. सात पानं झाली. पुण्याला आठवड्यात तेवढी होत नव्हती, असं तो परत येताना म्हणाला. निर्मलाने पागेबद्दल काही विचारलं नाही. हो म्हणाला होता तो. नाही म्हणायचं तर तेही त्यानेच.

उन्हं कलल्यावर माणसं जमली. पाटावर भटूला बसवलं. मामांनी कापडाची घडी मोडली आणि एक टोक त्याच्या कपाळाला लावलं. तेव्हा भटूने मामांचं मनगट धरलं.

"मामा, आज नका बांधू," तो म्हणाला. "मी सकायले हा म्हनं ते आबाकरता नही. पाग बांधी तं परीक्षा टयी, म्हनीसन म्हनं. माले भ्याव वाटस."

बाप गेलेला मुलगा चारचौघांत मला भीती वाटते म्हणतो, याला काय म्हणायचं ते कोणाला सुचत नव्हतं. मामांचा चेहरा लाल झाला. बिनपागेचं घर महिनाभर ठेवायचं? लोकांनी विचारलं तर काय सांगायचं? त्यांनी जिभाऊंकडे पाहिलं, तर जिभाऊंचं तोंड पुन्हा बांधलेलं. ते काहीही बोलले असते तरी त्याचा एकच अर्थ निघाला असता.

रुखमाकाकू उठली. तिने मामांच्या हातातून कापड घेतलं, गुडघ्यावर ठेवून नीट घडी घातली आणि जावेपुढे धरलं. "बाई, तुन्हा पेटीमा ठेव. किल्ली तुन्हापाशी ऱ्हाऊ दे. पोऱ्या परीक्षा दीसन उना का त्यान्हाच डोकाले बांध. आमले काही नको."

दगूबाईने कापड लगेच घेतलं नाही. तिने आधी जावेकडे पाहिलं. सकाळी ऐकलेलं वाक्य ती पुन्हा एकदा ऐकत असावी, या वेळी निराळं. मग ती मुलाकडे वळली.

"तोवर आठेच ऱ्हाशी?"

"वीस तारीखलोंग ऱ्हासू."

"रोज मोटवर?"

"रोज."

"आनि तठे कागदवर लिखशी तव्हय? तठे कोन म्हनी, समजनं नही म्हनीसन?"

ही गोष्ट निर्मलाच्याही ध्यानात आली नव्हती. भटू पाटावर बसून विचार करत राहिला. प्रोफेसरांनी विचारलेल्या प्रश्नाला केला नसेल, इतका.

"कागदले बी काहीच समजत नही, असं धरसू," तो म्हणाला.

दगूबाईने हात पुढे केला. मामा न जेवता निघायला उभे राहिले. त्यांना बसवायला आणखी अर्धा तास गेला.

पुढचे दिवस सारखेच गेले. निर्मलाची रजा होती तेवढे दिवस ती थारोळ्यावर बसली. भटूने नवं वेळापत्रक आखलं नाही. बैल सुटले की अभ्यास संपला. बैलांच्या हिशेबाने झोपायचं, त्यांच्या हिशेबाने उठायचं. सगळं सोपं झालं असं नाही. दोनदा तो पुस्तक टाकून रानात निघून गेला. एके दिवशी त्याला काही आठवेना आणि तो कपाळ धरून बसला. जिभाऊंनी बैल तसेच उभे ठेवले आणि तंबाखू मळली.

एका जागी मात्र जिभाऊ अडले ते अडलेच. पाण्यावाचून माणूस मरतो तरी पाण्याला मोल नाही, आणि हिऱ्यावाचून काही अडत नाही तरी त्याला एवढं मोल, असं का, हा पुस्तकातला प्रश्न होता.

"पानीले मोल नही, असं कोन म्हनस?" जिभाऊ म्हणाले. "त्याले आठे लई ये. दोन दिन मोट हाकाले लाव."

भटूने तीन दिवस समजावलं, तीन तऱ्हांनी. जिभाऊंनी ऐकून घेतलं आणि तिन्ही दिवस म्हणाले, माले समजनं नही. वीस तारखेला भटू नंदुरबारच्या स्टेशनाकडे गाडीत बसला तेव्हाही तो प्रश्न तसाच होता. आईने त्याला दही दिलं. रुखमाकाकूने भाकरी बांधून दिल्या, पाच. आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, पाचवी बी गोड लागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्मला कपडे घेऊन विहिरीवर गेली. दुपारी तिलाही निघायचं होतं, उद्यापासून शाळा होती. धावेच्या कडेचा दगड रिकामा होता. जिभाऊंनी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि बैल हाकले. पाणी पडलं, बैल मागे सरकू लागले, आणि तेवढा वेळ कोणीच काही बोललं नाही. दुसरी मोट. तिसरी. प्रत्येक वेळी बैल मागे निघाले की तिचे हात कपड्यावर थांबत. ऐकायची सवय एवढी जुनी होती.

या धावेवर चोवीस फेब्रुवारीला आबा खाली बसले तेव्हा मोट अर्ध्यावर आली होती. बैल उभे राहिले आणि कोणीतरी नाडा सोडला तेव्हा ती भरलेलीच पुन्हा विहिरीत गेली. ही गोष्ट ती आल्यागेल्याला सांगत असे त्यात नव्हती.

बैल वर येत होते.

"जिभाऊ," ती म्हणाली, "इहीरमा पानी शे तवलोंग एक मोटनं मोल कोन करस? एक गयी, दुसरी येस. मोल सगळा पानीनं ऱ्हातच नही. शेवटली मोटनं ऱ्हास. ती अर्धामा ऱ्हायनी, मंग कयस."

जिभाऊंचा हात नाड्यावर होता. मोट खाली गेली होती, भरली होती, नाडा ताठ झाला होता, तरी त्यांनी बैल हाकले नाहीत. ते पाण्याकडे बघत राहिले.

"समजनं," ते म्हणाले, आणि नाड्यावर बसले.